शेरूनं खाणं सोडलं: अमरावतीतले बहात्तर तास

हा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. पाळलेल्या इगुआनानं खाणं सोडलं की घराघरांत जे जसं घडत जातं, ते एका घरात आणि एका थंडीच्या लाटेत बसवून इथं मांडलं आहे. घर अमरावतीतलं, साईनगरकडचं. महिना जानेवारी. प्राणी चौदा महिन्यांचा हिरवा इगुआना, नाव शेरू. तासांची उलटी गणती त्याच्या मृत्यूपासून केली आहे. घरच्यांना डोळ्यांनी काय दिसत होतं त्याच्या शेजारी शरीराच्या आत काय चाललं होतं तेही लिहिलं आहे, कारण त्या दोन्हींत फार अंतर होतं आणि शेरूचा जीव त्या अंतरातच गेला.

आठ महिने आधी

मे महिना. वऱ्हाडातला उन्हाळा वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये उन्हाच्या तडाख्यापायी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा मुलखात सरड्याला वेगळी ऊब कशाला, वेगळा दिवा कशाला, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. काचेची पेटी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली. खिडकीचं तावदान बंद, पण सकाळचं ऊन थेट पेटीवर.

सुरुवात इथं झाली. इगुआनाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे, आणि हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. उजेड आत येतो, ऊब येते, हवं ते बाहेरच राहतं. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम रक्तात उतरत नाही, आणि रक्तात कमी पडलं की शरीर ते हाडांतून उपसतं. त्यात ताटात रोज काकडी, कोबी आणि पालक. काकडीत पाणीच जास्त. पालकातलं ऑक्झॅलेट हाती आलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. अंगणात शेवगा उभा होता, कुंपणाला जास्वंद होती. शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, जोडीला लाल भोपळ्याचा कीस यांवर इगुआना उत्तम वाढतो. कुणाला ते माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

ज्या वऱ्हाडात उन्हाचा कधी तोटा नाही, तिथं एक प्राणी उन्हावाचून झिजत होता. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं ते हे. गच्चीवर, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून रोज सकाळी तासभर कोवळं ऊन मिळालं असतं तरी पुढचं बरंचसं टळलं असतं. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवायची नाही. ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि आतला जीव पळूही शकत नाही.

तीन आठवडे आधी

शेरू फांदीवर चढेनासा झाला. दिवसभर तळाशीच पडून राहायचा. ‘आता मोठा झाला, म्हणून शांत झाला,’ असं घरात ठरलं. मागच्या पायांच्या मांड्या फुगीर दिसत होत्या, त्यामुळे त्यानं चांगलं अंग धरलंय असंही वाटायचं. प्रत्यक्षात हाडातलं कॅल्शियम निघून गेल्यावर शरीर तिथं तंतूंचा भरणा करतं आणि तीच सूज गुटगुटीतपणा वाटते. त्याच वेळी शेपटीचं मूळ बारीक होत चाललं होतं. इगुआनाची साठवण तिथं असते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा ठेवून आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपला असता, तर उतरतं वजन डोळ्यांच्या आधी आकड्यांनी सांगितलं असतं.

७२ तास आधी. शनिवार, रात्री १०

शेरूनं दिवसभरात काही खाल्लं नाही. काकडीच्या चकत्या सुकून वळल्या. उद्या खाईल, म्हणून पेटीवर चादर टाकली. आत शंभर वॅटचा साधा दिवा. त्याच्याच उबेवर रात्र काढायची.

६० तास आधी. रविवार, सकाळी १०

पुन्हा नाही. आजी पेटीपाशी बसून म्हणाली, “काहून खाऊन नाही राहिला बाप्पा हा? तोंड आलं का त्याचं?”

आजीचा प्रश्न त्या घरातला सगळ्यांत शहाणा प्रश्न होता. तोंडात खरोखरच जखम किंवा पू असू शकतो, आणि तसं असेल तर इगुआना अन्नाकडे बघतो पण घास घेत नाही. खाणं सोडणं हा आजार नाही, ते आजाराचं उशिरा दिसलेलं लक्षण आहे, आणि त्यामागची कारणं पुष्कळ असतात. कात टाकताना खाणं कमी होतं. पेटीची जागा बदलली, समोर मांजर येऊन बसायला लागलं, की कमी होतं. वयात आलेल्या माद्या नर जवळ नसतानाही अंडी धरतात आणि त्या दिवसांत जवळजवळ काहीच खात नाहीत. मात्र त्या चपळ असतात, जागा उकरत फिरतात. अंडी अडली की मात्र मलूल पडतात. पोटात कृमी असतील, वाळू-खडे गेले असतील, मूत्रपिंड थकलं असेल. आणि सर्वांत नेहमीचं, सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे थंडी.

म्हणून ‘काय खाऊ घालू’ याच्या आधी ‘हा चालतो-फिरतो का, डोळे उघडे ठेवतो का’ हे बघायचं. न खाणारा पण तरतरीत प्राणी दोन-चार दिवस थांबू शकतो. न खाणारा आणि मलूल प्राणी थांबू शकत नाही. शेरू दुसऱ्या प्रकारचा होता.

४७ तास आधी. रविवार, रात्री ११

लाइन गेली.

घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे आणि ट्यूबलाइट; शेरूचा दिवा वेगळ्या बटनावर. बाहेर थंडीची लाट होती. वऱ्हाड म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो, पण जानेवारीच्या लाटेत अमरावती-अकोल्याचा पारा दहाच्या आसपास उतरतो, हे रात्रपाळीला हरभऱ्याचं ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला विचारावं.

आपल्या अंगात शेगडी असते. सरड्याच्या अंगात नसते. खोलीचं तापमान तेच थोड्या वेळानं त्याच्या रक्ताचं तापमान. हिरव्या इगुआनाला दिवसा अंग शेकायला पस्तीस ते अडतीस अंशांची एक जागा लागते, बाकी पेटीत सत्तावीस ते तीस, आणि रात्रीसुद्धा तेवीस-चोवीसच्या खाली जाऊन चालत नाही. पाला पचवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू करतात, तेही उबेतच. अंग गार पडलं की आतडं थांबतं, रोगाशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, भूक मरते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हे प्राणी मोकाट वाढले आहेत. तिथं जानेवारी २०२० मध्ये पारा पाच अंशांच्या आसपास जाणार होता, तेव्हा मायामीच्या हवामान कार्यालयानं लोकांना जाहीर इशारा दिला होता की झाडांवरून इगुआना खाली पडतील, ते मेलेले असतीलच असं नाही. गारठून त्यांचे स्नायू आखडलेले असतात. ऊन आल्यावर धडधाकट इगुआना पुन्हा चालू लागतो. शेरू धडधाकट नव्हता.

४१ तास आधी. सोमवार, पहाटे ५

खोली सर्वांत गार. शेरूचा रंग हिरव्यावरून काळपट राखाडी झालेला. जास्तीत जास्त ऊब शोषून घ्यायला शरीर कातडी गडद करतं. चादरीखाली कुणाला दिसलं नाही.

३६ तास आधी. सोमवार, सकाळी १०

लाइन पहाटे कधीतरी आली होती. दिवा लागला, पण शेरू दिव्याखाली सरकला नाही. जिथं होता तिथंच पोट टेकून. उबेकडे जाण्याचंही बळ उरलं नव्हतं. समोर ताजी काकडी.

या क्षणी घरातली दोन साधी कामं त्याला खूप पुढं नेऊ शकली असती. पहिलं, ऊब: पेटीभोवती घोंगडी, दिवा जवळ पण जाळीबाहेर, आत एक तापमापक, आणि चार-पाच तासांत हळूहळू तीस अंश. तापलेला दगड किंवा विजेची गादी थेट पोटाखाली द्यायची नाही. सरडे भाजेपर्यंत त्यावरून उठत नाहीत. दुसरं, पाणी: परातीत कोमट पाणी, मनगटाला उबदार लागेल इतकंच, त्यात वीस मिनिटं, डोकं हातावर तोलून धरून. पुष्कळदा सरडा तिथंच दोन घोट पितो आणि शीही करतो. अन्न यानंतर. गार आतड्यात अन्न पचत नाही, कुजतं.

२८ तास आधी. सोमवार, संध्याकाळी ६

मोठा मुलगा जवळच्या एका दवाखान्यात गेला. तिथं गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांची रांग. “सरडा आम्ही नाही बघत,” एवढं उत्तर मिळालं. कुणाकडे जा, हे कुणी सांगितलं नाही. मुलगा परत आला.

या उत्तरात नेहमीच दुष्टावा असतो असं नाही. पण ‘मी बघत नाही’ यापुढं ‘अमुक ठिकाणी जा’ हे वाक्य जोडलं असतं, तर शेरूकडे अजून एक अख्खा दिवस होता.

२४ तास आधी. सोमवार, रात्री १०

सल्ले सुरू झाले. डाळीचं पाणी दे. दुधात बिस्कीट कालवून दे. लहान लेकराचं कॅल्शियमचं औषध चमचाभर दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नागपंचमीले नाग दूध पितो, मग हा काहून नाही पिणार?”

काकूंच्या बोलण्यात माया होती, माहिती चुकीची होती. नागही दूध पचवू शकत नाही. गारुड्याच्या टोपलीत तहानेनं व्याकूळ ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो आणि कित्येक नाग त्यानंच मरतात. इगुआना पाला खाणारा प्राणी. दूध, बिस्कीट, अंडं यांतलं काहीच त्याच्या पोटाचं नाही. आणि लेकराच्या औषधातून अंदाजानं दिलेलं ड जीवनसत्त्व जास्त झालं तर कॅल्शियम हाडात न बसता रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात साचतं.

त्या रात्री कुणी काही पाजलं नाही. लाइनही गेली नाही. शेरूनं रात्र काढली.

१४ तास आधी. मंगळवार, सकाळी ८

आईनं त्याला हातात घेतलं. पुढच्या पायाची लांब, नखेरी बोटं थरथरत होती; थांबायची, मग पुन्हा एकेक बोट आपोआप उडायचं. हनुवटीखाली तिनं अंगठा टेकला तर खालचा जबडा किंचित आत दबला. हाड दबायला नको. ती एवढंच म्हणाली, “ह्याचं काहीतरी आतून बिघडलंय.”

तिचं बरोबर होतं. रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरलं होतं की स्नायू स्वतःहून उडत होते. यापुढची पायरी झटक्यांची. बोटांची थरथर दिसली की घरगुती उपाय संपले, हे या प्राण्याच्या मालकानं पाठ करून ठेवावं.

९ तास आधी. मंगळवार, दुपारी १

ऑफिसातून बाबांनी चौकशी केली आणि अकोल्याचं नाव निघालं. अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, आणि तिला जोडून दवाखाना आहे. बडनेऱ्यावरून निघालं की लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. दोन तासांची वाट. एक खोकं, टॉवेल, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि आधी एक फोन, एवढं पुरेसं होतं.

आणि घर तिथंच अडखळलं. कुणीतरी म्हणालं, “परदेशी जनावर आहे, कागद मागितला तं?”

या भीतीनं दवाखान्याचा रस्ता तोडू नये, म्हणून कायदा इथंच सांगतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं जून २०२० मध्ये परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना आपणहून माहिती देण्याची मुभा दिली होती. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती तिच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. हिरवा इगुआना त्यांतलाच. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंद परिवेश संकेतस्थळावर, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करणं बंधनकारक केलं आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे नोंद हे मालकाचं काम आहे, ते प्राणी निरोगी असतानाच उरकायचं. पण तडफडणारा जीव घरात धरून कागदाचा प्रश्न सुटत नाही. घोरपडीचं मात्र वेगळं. ती आपली, पहिल्या अनुसूचीतली. तिला घरात ठेवणं हाच गुन्हा. जखमी घोरपड सापडली तर स्वतः काही भरवू नये, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

दुपारी तीनपर्यंत शेरू एखाद्या टेबलावर असता तर काय झालं असतं? आधी ऊब. मग कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत कोमट सलाईन. थरथर होती म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन, वजनावर मोजून. क्ष-किरणात हाडं किती पुसट झाली ते दिसलं असतं, रक्तातून कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक आम्ल कळलं असतं. आणि अन्न? पहिल्या दिवशी नाहीच. उपाशी शरीरात एकदम साखर गेली की पेशी रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि हृदय बंद पडू शकतं. माणसांच्या उपासमारीतही डॉक्टर याच कारणानं हळूहळू भरवतात. अंग उबदार, शरीरात पाणी, शी झालेली, एवढं झाल्यावर पातळ पाल्याचा थोडासा रस, तोही नळीनं आणि जाणत्या हातानं. सगळे वाचतात असं नाही. पुष्कळ वाचतात.

घरात ठरलं: उद्या सकाळी निघू.

४ तास आधी. मंगळवार, संध्याकाळी ६

शेरूनं डोळे मिटले ते उघडले नाहीत. पोट वर उचलून चालणं संपलं होतं.

१ तास आधी. मंगळवार, रात्री ९

“उद्यापर्यंत टिकाले पाहिजे, तं पोटात काहीतरी गेलं पाहिजे,” असं आजी म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. चार दिवस उपाशी लेकरू डोळ्यांसमोर असताना कुणाला पटणार नाही? पण त्या रात्री शेरू भुकेनं मरत नव्हता. या वयाचा इगुआना चार दिवसांच्या उपासानं मरत नाही. तो गारठ्यानं, तहानेनं आणि कॅल्शियमच्या तुटीनं मरत होता, आणि या तिन्हींवर दूध-बिस्किटाचा उपाय नव्हता.

२० मिनिटे आधी

सुई काढलेली सिरिंज. बाबांनी डोकं धरलं, मुलानं जबडा उघडला. मऊ हाड बोटांच्या दाबाखाली दुमडलं; बारीक आवाज आला असेल तर कुणी ऐकला नाही. सरड्याच्या श्वासनलिकेचं तोंड घशात खोल नसतं, जिभेच्या मुळाशी अगदी पुढं असतं. तोंड उघडलं की दिसतं. तिथं ओतलेला द्रव गिळण्याची ताकद नसेल तर सरळ फुप्फुसात जातो. सरड्याला आपल्यासारखा ठसका लागून ते बाहेर टाकता येत नाही.

अर्धी सिरिंज गेली. आई म्हणाली, “गेलं, गेलं पोटात.”

शून्य. मंगळवार, रात्री १०

शेरूनं तोंड उघडून दोनदा श्वास ओढला. नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा आला. मग छातीची हालचाल थांबली. सरड्याचं हृदय श्वास थांबल्यावरही बराच वेळ धडधडत राहतं, त्यामुळे आईच्या तळहाताला ते पुढंही जाणवत होतं आणि तिनं त्याला रात्री उशिरापर्यंत खाली ठेवलं नाही.

सकाळी ठरल्याप्रमाणे गाडी अकोल्याला गेली. उत्तरीय तपासणीत जबड्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, दोन्ही फुप्फुसांत दूध, आणि मांडीचं हाड सुरीनं कापता येईल इतकं मऊ निघालं. आतड्यात शुक्रवारची काकडी न पचता तशीच होती.

तुमच्या घरी इगुआना असेल, किंवा किडे खाणारा गेको, बिअर्डेड ड्रॅगन असेल, तर आज रात्री लाइन चालू असताना पेटीत तापमापक ठेवा आणि पहाटे पाचला उठून आकडा वाचा. दिवा इन्व्हर्टरवर घ्या. अतिनील-बीचा दिवा असेल तर तो कधी आणला ते आठवा. सहा महिने ते वर्षभरात तो दिसायला तसाच उजळ राहतो, पण ते किरण देणं बंद करतो. किडे देत असाल तर मलूल प्राण्याच्या पेटीत जिवंत रातकिडे ठेवू नका, ते त्यालाच कुरतडतात. सरडे बघणारे डॉक्टर अमरावतीत, अकोल्यात, नागपुरात कोण आहेत हे आजच फोन करून विचारा आणि क्रमांक पेटीवर चिकटवा. आणि त्यानं खाणं सोडलं तर सिरिंज हातात घेऊ नका. आधी ऊब द्या, मग पाणी दाखवा, आणि त्याच दिवशी घेऊन निघा.